धावपट्टी संपते तिथून पुढचं कुणाचं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण वाचा. बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या आसपास, म्हणजे सांबरा, मुतगा, बाळेकुंद्री, होन्निहाळ, निलजी या भागात ज्यांची घरं-शेतं आहेत किंवा ज्यांचं रोजचं येणंजाणं बागलकोट रोडनं आहे, त्यांनी तर नक्कीच.

विमान पडलं की संध्याकाळपर्यंत आपल्याकडं गुन्हेगार ठरलेला असतो. १२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाण करताच मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळलं. ढिगारा अजून विझला नव्हता आणि बेळगावात खडेबाजारच्या चहाच्या टेबलावर निकाल लागला होता : "पायलटनंच कायतरी घोटाळा केला असणार, दुसरं काय असतंय?" हे बोलणारी माणसं वाईट नव्हती. सगळे हळहळत होते. पण हळहळताना आपल्याला एक नाव लागतं, एक चेहरा लागतो, आणि तो मिळाला की आपण पुढचं विचारायचं सोडून देतो. तेव्हापासून मला औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, १९९३ च्या अपघाताबद्दल लिहायचं होतं. त्या अपघाताच्या चौकशीनं दोन कारणं दिली होती. आपण त्यातलं एकच लक्षात ठेवलं.

मराठी माणसाला १९९३ म्हटलं की मार्चचे मुंबईचे बॉम्बस्फोट आठवतात, नाहीतर सप्टेंबरमधला किल्लारीचा भूकंप. या दोन मोठ्या दुःखांच्या मधे २६ एप्रिलचा तो सोमवार दबून गेला. तिशीच्या आतल्या मुलांना तर तो ठाऊकच नाही. इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं विमान, बोइंग ७३७, दिल्लीहून जयपूर आणि उदयपूर करत औरंगाबादला आलेलं. पुढं मुंबईला जायचं होतं. विमानात ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी, असे एकूण ११८ जण. विमान चांगलंच भरलेलं. दुपारी एकच्या सुमारास चिकलठाण्याच्या धावपट्टीवर ते धावायला लागलं.

धावपट्टी संपत आली तरी चाकं जमिनीवरच होती. अगदी टोकाला आल्यावर विमान उचललं गेलं. आणि त्या टोकाच्या पलीकडं बीड रोड आहे. त्या क्षणी त्या रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचं डाव्या बाजूचं मुख्य चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. चौकशीत नोंद आहे की ही धडक रस्त्यापासून सुमारे सात फूट उंचीवर बसली. सात फूट! विमान हवेत होतं, पण त्याला उडालेलं म्हणायचं का, असा प्रश्न पडावा इतकंच ते वर होतं.

तरीही ते लगेच पडलं नाही. जखमी अवस्थेत आणखी सुमारे तीन किलोमीटर गेलं, तिथं उच्च दाबाच्या विजेच्या तारांना अडकलं आणि शेतात कोसळलं. आग लागली. ५५ माणसं गेली. ६३ वाचली, त्यांत दोन्ही वैमानिक होते.

चौकशी झाली आणि अहवालात दोन गोष्टी आल्या. पहिली : वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा उचललं, आणि ते उचलण्याची पद्धतही चुकीची होती. दुसरी : उड्डाणाच्या वेळात बीड रोडवरची वाहतूक नियंत्रित करायला हवी होती, ती राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणानं केली नाही. दोन्ही गोष्टी संभाव्य कारण म्हणूनच लिहिल्या आहेत. दुसरी गोष्ट तळटीप म्हणून किंवा 'भविष्यासाठी सूचना' म्हणून आलेली नाही.

आता कुणालाही विचारून बघा. ज्याला हा अपघात आठवतो तो म्हणेल, "ते होय, ट्रकला धडकलेलं विमान. पायलटची चूक होती." ट्रक लक्षात आहे, वैमानिक लक्षात आहे. रस्ता कुणी मोकळा ठेवायचा होता, हे विस्मरणात गेलं.

वैमानिकाची चूक मी पुसायला बसलेलो नाही. ती काय असते हे नीट समजून घ्यायला पाहिजे, म्हणून जरा सांगतो. प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिक तीन वेग काढून ठेवतात. पहिला निर्णयाचा, त्याला व्ही-वन म्हणतात. त्या वेगापर्यंत काही बिघडलं तर ब्रेक लावून थांबता येतं. तो ओलांडला की मात्र थांबायला पुढं पट्टी उरलेली नसते, इंजिन बंद पडलं तरी उडावंच लागतं. दुसरा नाक उचलण्याचा. तिसरा, एक इंजिन गेलं तरी सुरक्षित वर चढता येईल असा. हे आकडे रोज बदलतात. विमानात वजन किती, पंखांच्या मागच्या फळ्या, म्हणजे फ्लॅप, किती उघडल्या आहेत, वारा कुठला, ऊन किती, जागा समुद्रसपाटीपासून किती उंच, या सगळ्यावर ते ठरतात. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखाला कमी उचल मिळते आणि इंजिनाचाही जोर घटतो, म्हणून त्याच विमानाला जास्त धावावं लागतं. एप्रिल महिना, मराठवाडा, दुपारी एक, भरलेलं विमान. यातली कुठलीच गोष्ट अचानक उपटलेली नव्हती.

आणि त्या क्षणी विमान ताशी २५० किलोमीटरच्या आसपास धावत असेल तर सेकंदाला जवळजवळ ७० मीटर पट्टी मागं पडते. दोन सेकंद उशीर झाला तर १४० मीटर गेले. एवढ्या तंग हिशोबात माणूस कधीतरी दोन सेकंद चुकणारच, हे विमान बनवणाऱ्यांना, विमानतळ बांधणाऱ्यांना, नियम करणाऱ्यांना सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून तर टोकाच्या पलीकडं मोकळी जागा ठेवायची असते. त्या दुपारी त्या दोन सेकंदांची किंमत किती होणार, हे पलीकडच्या रस्त्यानं ठरवलं.

आमचं घर ट्रान्स्पोर्टच्या धंद्यातलं. निपाणीची तंबाखू, गोव्याला जाणारी बेळगावची भाजी, परतीला मिळेल तो माल. कापसाच्या गाठीही आमच्या गाड्यांनी ओढल्यात. एक दाबलेली गाठ साधारण १७० किलोची. हौदा भरून वर दोरखंड आवळला की गाडी उंच दिसते आणि चालते सावकाश. म्हणून हा अपघात मी वाचतो तेव्हा माझं मन कॉकपिटच्या आधी त्या ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसतं. ड्रायव्हरची नजर समोरच्या रस्त्यावर. इंजिनाची घरघर, उघड्या खिडकीतून येणारी झळ. बाजूनं, तेही पट्टीच्या टोकाकडून, काहीतरी आपल्याच अंगावर येतंय हे त्याला कशानं कळावं? आणि कळलं असतं तरी भरलेली गाडी दोन सेकंदांत कुठं घेऊन जायची? रस्ता सार्वजनिक, कर भरलेला, माल वैध, त्याच्या बाजूनं सगळं बरोबर. तरी तीस वर्षं लोक म्हणतायत, "ट्रक मधे आला." ट्रक मधे आला नव्हता हो. ट्रक त्याच्या रस्त्यानं चालला होता.

टिळकवाडीच्या रेल्वे गेटांवर आपण सगळे आयुष्यभर थांबलोय. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. शाळेची वेळ, दवाखान्याची घाई, पावसात भिजत उभं राहणं, आणि गेटमनला घातलेल्या शिव्या. पण रेल्वेनं एवढं तरी मान्य केलंय की जिथं आपलं वाहन लोकांच्या रस्त्याला छेदतं तिथं लोकांना थांबवायची जबाबदारी आपली. त्यासाठी माणूस नेमलाय, फाटक आहे, सिग्नलशी त्याची जोडणी आहे. विमान रेल्वेपेक्षा वेगवान, त्याला ऐनवेळी थांबताही येत नाही. मग ते रस्त्याच्या डोक्यावरून दहा-पंधरा फुटांवरून जाणार असेल तर तिथं कुणी उभं राहायला नको?

पायलटला दोषी धरून फाइल बंद करण्याचं जगातलं सगळ्यात दुःखद उदाहरण म्युनिकचं आहे. ६ फेब्रुवारी १९५८. ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं विमान, आत मँचेस्टर युनायटेडचे फुटबॉल खेळाडू, बाहेर बर्फ. दोनदा उड्डाण सोडून द्यावं लागलं. तिसऱ्यांदा विमानानं ११७ नॉट (ताशी सुमारे २१७ किलोमीटर) वेग गाठला, म्हणजे निर्णयाचा वेग गाठला, आणि त्यानंतर वेग वाढायच्या ऐवजी घसरला. आधी ११२, मग १०५. थांबायला पट्टी नाही, उडायला वेग नाही. विमान कुंपण तोडून, पलीकडचा रस्ता ओलांडून एका घरावर गेलं. ४४ पैकी २३ माणसं गेली. इथंही कुंपणाच्या पलीकडं रस्ता आणि घर होतंच, बघा.

कॅप्टन जेम्स थेन वाचला. जर्मन चौकशीनं सांगितलं की पंखांवर बर्फ साचलं होतं, ते काढून घेणं कॅप्टनचं काम, म्हणजे दोष त्याचा. विमानतळावर कुणाची जबाबदारी उरली नाही. थेन वर्षानुवर्षं सांगत राहिला की पंख ठीक होते, पट्टीवर साचलेल्या अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या चिखलानं चाकं धरून ठेवली. चाचण्या झाल्या, पुन्हा चौकशा झाल्या, आणि १९६९ मध्ये ब्रिटिश अहवालानं त्याला निर्दोष ठरवलं. अकरा वर्षांनी. त्याची नोकरी कधीच गेली होती, पुन्हा तो प्रवासी विमान घेऊन उडाला नाही, आणि १९७५ मध्ये वारला. त्या चिखलाचा एवढा परिणाम होतो हे तेव्हा फार कुणाला समजलेलं नव्हतं. ते पुढं समजलं, आणि धावपट्टीवर किती चिखल असला तर उड्डाण करायचं नाही याचे नियम आले. पहिल्या दिवशीचा निकाल शेवटचा मानून सगळे घरी गेले असते तर हे कळायला आणखी किती विमानं लागली असती कोण जाणे.

आपल्या सीमाभागातल्या माणसाला खरं तर हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. दोन कारभारांच्या मधल्या पट्ट्यात काय होतं ते आपण जन्मापासून बघतोय. कोगनोळीच्या नाक्याला, शिनोळीच्या अलीकडं-पलीकडं, डांबर कुठं बदलतं ते डोळे मिटूनही गाडीला बसणाऱ्या धक्क्यानं सांगता येतं. सीमेवरच्या एका रस्त्यावर आमच्या ओळखीतल्या एका गाडीला रात्री अपघात झाला होता. जखमी क्लीनर रस्त्याकडेला पडलेला आणि दोन्हीकडचे अंमलदार अंतर मोजत उभे. "काय वो मामा, गाडी कुठल्या बाजूला पलटी झालीया?" हा पहिला प्रश्न. पोरगं जिवंत आहे का, हा दुसरा. सुदैवानं ते जगलं. तेव्हापासून मला पक्कं वाटतं की माणसं बहुतेक वेळा कुणाच्या दुष्टपणानं मरत नाहीत. जिथं एका खात्याचं काम संपतं आणि दुसऱ्याचं अजून सुरू झालेलं नसतं, त्या वावभर जागेत मरतात. चिकलठाण्याला नेमकं हेच होतं. पट्टी एकाची, रस्ता दुसऱ्याचा, तारा तिसऱ्याच्या, शेत चौथ्याचं. प्रत्येकानं आपल्या कुंपणाच्या आतलं काम केलं असेलही.

आता सांबऱ्याकडं येतो. आपलं विमानतळ आजचं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ब्रिटिशांच्या हवाई दलानं ते बांधलं. आजही शेजारी हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. कित्येक वर्षं आपल्याकडं विमान कधीतरीच यायचं. २०१७ ला नवं टर्मिनल झालं, धावपट्टी वाढून २,३०० मीटर झाली, 'उडान' योजनेत नवनव्या शहरांची विमानं सुरू झाली. मला याचा मनापासून आनंद आहे. मुंबईला टाटा मेमोरियलला जाणारा पेशंट रात्रभर बसमध्ये हाल सोसण्याऐवजी तासाभरात पोचतो, याहून मोठं काय असतंय? त्या धावपट्टीसाठी ज्यांनी पिकाची जमीन दिली त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

पण विमानं वाढली की कुंपणाबाहेरचं कामही वाढतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे, चिकलठाण्याहून सहाशे फूट वर. आपली हवा थंड म्हणून आपण कौतुक करतो, पण उंचीमुळं ती आधीच विरळ आहे, आणि एप्रिल-मे आपल्याकडंही तापतोच. त्यात लांब पट्टी आणि आजची ताकदवान इंजिनं यामुळं हिशोब सुरक्षित बसतो, हे मान्य. मी भीती घालत नाही. पण २०२३ च्या मे महिन्यात होन्निहाळजवळच्या शेतात एक प्रशिक्षणाचं छोटं विमान उतरवावं लागलं होतं ते आठवतंय ना? पलीकडच्या शेतात काम करणाऱ्या बायकांना त्या सकाळी वैमानिकाच्या हिशोबाशी काय देणंघेणं होतं? तरी त्या बायका त्या हिशोबात होत्याच.

विमान नियम १९३७ मधला ९१ वा नियम सांगायचा की विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत पक्षी गोळा होतील असा कचरा, कापलेल्या जनावरांचे अवशेष उघड्यावर टाकायचे नाहीत. दहा किलोमीटर म्हणजे सांबऱ्यापासून मोजलं तर बेळगाव शहराचा केवढा तरी भाग त्यात आला. आता बागलकोट रोडनं संध्याकाळी जाऊन बघा. रस्त्याकडेला कोंबडीच्या पिसांची, आतड्यांची पोती फेकलेली असतात. वर घारी आणि बगळे घिरट्या घालत असतात. यात कुणा एका दुकानाचं नाव मी घेणार नाही, कारण टाकणारे अनेक आहेत आणि बघून पुढं जाणारे आपण सगळे आहोत. एक घार इंजिनात गेली तर काय होतं ते वैमानिकाला विचारा. आणि तेव्हा आपण काय म्हणणार आहोत? पायलटनं कायतरी घोटाळा केला?

तीच गोष्ट उंचीची. विमानतळाजवळ ठराविक उंचीच्या वर बांधायला ना-हरकत लागते. गुंठेवारीचे प्लॉट विकताना हे घेणाऱ्याला कोण सांगतं? गरीब माणूस आयुष्याची कमाई घालून वरचा मजला चढवतो आणि मग त्याला नोटीस येते. दोष कागदावर त्याचा. त्याला आधी सांगायला हवं होतं ते काम कुणाचं होतं, हे कुठंच लिहिलेलं नसतं.

अहमदाबादबद्दल एवढंच. महिन्याभरानं प्राथमिक अहवाल आला : उड्डाणानंतर काही क्षणांत दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा तोडणारे स्विच एकामागून एक, सेकंदाच्या अंतरानं बंद स्थितीत गेले, एका वैमानिकानं दुसऱ्याला विचारलं की तू का बंद केलंस, दुसऱ्यानं सांगितलं मी नाही केलं. एवढ्या दोन वाक्यांवर देशभरात लोकांनी एका मेलेल्या माणसाच्या मनात काय चाललं होतं हे ठरवून टाकलं. त्याच्या घरच्यांच्या दारात ते बोलणं पोचलं असेल. २६० माणसं गेली, त्यांत जमिनीवरची १९ होती. जेवायला बसलेली डॉक्टर होऊ घातलेली पोरं त्यांत होती. ती तर विमानात चढलीही नव्हती. धावपट्टीच्या रेषेत वसतिगृह, दवाखाना, शाळा कुठवर असावी, हा प्रश्न त्या गदारोळात मला फार थोड्या जणांच्या तोंडून ऐकू आला. तो प्रश्न स्विचच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला ब्लॅक बॉक्स लागत नाही, नकाशा लागतो.

म्हणून मी माहितीच्या अधिकारात एक अर्ज तयार केलाय. सांबऱ्याच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांच्या रेषेत कुठले रस्ते, वस्त्या, शाळा आणि विजेच्या तारा येतात. त्यांची शेवटची पाहणी कुणी आणि कधी केली. दहा किलोमीटरच्या आतल्या उघड्या कचऱ्याची जबाबदारी कुठल्या ग्रामपंचायतीची, कुठली महापालिकेची. आणि विमानतळ, पंचायती, वीज खातं आणि पोलीस यांची एकत्र बैठक वर्षातून किती वेळा होते. मराठीत लिहून झालाय, कन्नडमध्येही देणार आहे, म्हणजे भाषेवरून तो परत यायला नको. बाळेकुंद्री आणि मुतग्याच्या पंचायतीत कुणी सदस्य ओळखीचे असतील तर मला इनबॉक्समध्ये सांगा. ज्यांच्या शेतावरून विमान चाकं बाहेर काढून खाली येतं त्यांनी आपला सर्व्हे नंबर कळवला तर अर्जाला जोडता येईल. पुढच्या ग्रामसभेच्या आधी तो द्यायचा आहे.